न विचारलेला सवाल

आम्ही वर्गात मुलांना नेहमी सांगतो, सवाल विचारायला लाजू नका. बोईसरच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. वर्गातली निम्मी मुले तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची. कुणाचे वडील आजमगढचे, कुणाचे दरभंग्याचे, बाकीची आपल्या किनाऱ्याची. घरात गप्प राहायची सवय लागलेली ही मुले वर्गातही गप्प बसतात. त्यांना बोलते करण्यातच आमची निम्मी नोकरी गेली. पण २०२२ च्या जून महिन्यात विरारकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक सवाल विचारला आणि आम्ही, बी.एड. झालेले, दहा वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले, मान खाली घालून गप्प उभे राहिलो.

सवाल साधा होता. "मॅडम, ह्याची शी कुठल्या रंगाची होते?"

टेबलावर टायगर उभा होता. वय नऊ-दहा वर्षांचे, तपकिरी, कानाचा एक तुकडा लहानपणीच कुणाशी तरी भांडून गेलेला. तो तीन महिने आजारी होता आणि तीन महिन्यांत त्याची शी कशी होते हे आम्ही पाहिलेच नव्हते. तो वाडीत लांब जाऊन बसे. आणि खरे सांगायचे तर, बघण्याची ती गोष्ट आहे असे आमच्या मनातच आले नव्हते.

टायगर आमचा नव्हता, अब्बांचा होता. तारापूर गावाबाहेर आमची दहा-बारा चिकूंची वाडी आहे. अब्बांनी २०१३ साली राखणीला म्हणून हे पिल्लू आणले, तेव्हा अम्मीने पहिला आठवडा अबोला धरला. आम्ही कोकणी मुसलमान, मजहब शाफई. कुत्र्याची ओली जीभ लागली तर भांडे सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने, हे लहानपणापासून अंगात मुरलेले. अब्बा म्हणाले, "राखणीच्या कुत्र्याला इजाजत आहे. घरात येणार नाही, मी जबाबदार." त्यांनी शब्द पाळला. टायगरची थाळी वेगळी, वाडीचे कपडे वेगळे, नळाखाली धुण्यासाठी मातीचे ढेकूळ ठेवलेले. जुम्याला अब्बा ओटीवर बसून सूरह कहफ पढत, तेव्हा हा पायरीखाली पुढचे दोन्ही पाय पसरून पडलेला असे. गुहेतल्या त्या नेक लोकांच्या उंबऱ्यावरही एक कुत्रा असाच पडून होता. अब्बा हसून म्हणायचे, "बघा, खानदानी आहे."

२०१७ मध्ये अब्बा गेले. टायगर राहिला. अम्मी त्याला रोज भाकरी घालत असे, पण लांबून, जणू कर्ज फेडत असावी तशी.

त्या वर्षी, २०२२ मध्ये, रमजान एप्रिलच्या सुरुवातीला लागला. सहरीच्या वेळी उरलेली भाकरी आणि मांसाचे तुकडे टायगरला मिळत. पहिल्याच आठवड्यात अम्मी म्हणाली, "हा थाळी अर्धी सोडतो." मग दोन-तीन दिवसांआड उलटी होऊ लागली. आम्ही म्हटले, उन्हाळा आहे. आमच्याकडे जो डॉक्टर शेळ्या-म्हशी बघतो त्याने जंताचे औषध दिले, भूक लागायची बाटली दिली. चार दिवस बरे वाटले. मे महिन्यात हिरड्या पांढऱ्या दिसू लागल्या. तेव्हा गोचीडतापाची शंका आली. शंका चुकीची नव्हती. आपल्याकडच्या कुत्र्यांत गोचिडीमुळे रक्त कमी होणे अगदी नेहमीचे. त्याच्याही गोळ्या झाल्या. पुन्हा आठ दिवस बरे. मग पाठीचा कणा हाताला लागू लागला. बावीस किलोचे जनावर सोळावर आले.

गोष्ट अशी की प्रत्येक औषधाने थोडे बरे वाटत होते, आणि हेच आम्हाला फसवत होते.

विरारच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाला हात लावण्याआधी वीस मिनिटे नुसते सवाल विचारले. उलटी खाल्ल्याबरोबर होते की काही तासांनी? उलटीत काय असते? वजन आधी घटले की भूक आधी गेली? कुठे प्लास्टिकची पिशवी, हाड, दगड, कैरीची कोय गिळलेली पाहिली का? आणि मग तो सवाल.

आम्हाला सांगता येईना म्हणून त्यांनी हातमोजा चढवला आणि गुदमार्गातून तपासले. मोज्याच्या बोटावर आले ते डांबरासारखे काळे, चिकट होते. त्या म्हणाल्या, "हे रक्त आहे. आतड्याच्या वरच्या भागात सांडलं, पचत पचत खाली आलं, म्हणून काळं झालं. खालच्या, मोठ्या आतड्यातलं असतं तर लाल दिसलं असतं, आव पडली असती, जनावर कुंथलं असतं. ह्याचं वरचं काहीतरी आहे."

आम्ही त्या काळ्या बोटाकडे पाहत राहिलो. पाच वर्षांपूर्वीची एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. तिच्याकडे नंतर येतो.

कुत्र्याच्या आतड्यातली गाठ कशी ओळखतात हे आम्ही त्या महिनाभरात जवळून पाहिले. ते इथे सांगतो, कारण त्यात आम्हाला शिकण्यासारखे पुष्कळ वाटले.

पहिले साधन हात. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंनी पोट हळूहळू दाबले, डोळे मिटून. मग आमचा हात धरून एका जागी ठेवला. लिंबाएवढे काहीतरी बोटांतून निसटले. "पण नुसत्या हातावर भरवसा ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "कडक शी पण अशीच लागते. प्लीहा पण लागते. आतड्यात आतडं शिरलेलं असलं तरी लागतं."

दुसरे साधन रक्त. निरोगी कुत्र्याचे हिमोग्लोबिन साधारण बारा ते अठराच्या दरम्यान असते. टायगरचे सहा. शिवाय रक्तातली प्रथिने घटलेली. आतड्यातून रक्त झिरपत असले की प्रथिनेही जातात. शेणाची, म्हणजे शीची, तपासणी जंतासाठी पुन्हा केली. जंत नव्हते.

तिसरे साधन क्ष-किरण. एक फोटो पोटाचा, दगड किंवा अडकलेली वस्तू नाही ना हे बघण्यासाठी. बाकीचे छातीचे. आम्ही विचारले, आजार पोटात आणि फोटो छातीचा कशाला? उत्तर मिळाले, गाठ वाईट असेल तर ती फुप्फुसात पोचली का हे आधी बघावे लागते. पोचली असेल तर पोट फाडण्यात अर्थ नाही. छाती स्वच्छ निघाली.

चौथे साधन सोनोग्राफी, आणि इथे आम्हाला पहिल्यांदा काही उमगले. पोटावरचे केस काढले, जेली लावली. पडद्यावर आतड्याची भिंत दिसू लागली, एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. "पाच थर असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निरोगी भिंत दोन ते पाच मिलीमीटर. नुसती सूज असेल तर भिंत जाड होते, पण थर बहुतेक वेळा शाबूत राहतात. आता हे बघा." त्यांनी यंत्राचा दांडा दोन बोटे सरकवला. भिंत एकदम दीड सेंटीमीटर झाली आणि पट्ट्या नाहीशा झाल्या. नुसता करडा गोळा. आम्हाला पहिलीतल्या पोरांच्या चौरेघी वह्या आठवल्या. अक्षर वाकडे असले तरी रेघा दिसतात. पण दौत सांडली की रेघाच राहत नाहीत. टायगरच्या आतड्यावर दौत सांडली होती.

पाचवे साधन सुई. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढल्या. काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. हाती फारसे लागले नाही. लसिकापेशींचा कर्करोग असता तर पेशी सुईत भरभरून आल्या असत्या. मांसाच्या थरातून उठलेल्या गाठीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, सुईला दाद देत नाहीत. दुर्बीण घालून बघावे तर तोंडाकडून ती लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते आणि मागून मोठ्या आतड्यापर्यंत. मधला लांबलचक भाग दोन्हीकडून लांब. टायगरची गाठ नेमकी त्या मधल्या भागात.

"म्हणजे नाव कळायला पोट उघडावं लागणार," आम्ही म्हणालो.

"हो. आणि उघडलंच तर गाठ काढूनच घ्यायची. परळला जा."

परळ ऐकून आम्ही खुर्चीत बसलो.

बकरी ईद १० जुलैला होती. कुर्बानीच्या बोकडासाठी आम्ही भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. ऑपरेशन, गाडी, तपासण्या, सारे मिळून त्याहून जास्त होणार होते. मोहल्ल्यात बातमी गेली. एक खाला घरी येऊन म्हणाल्या, "कुत्र्यापायी कुर्बानी सोडणार? लोक काय म्हणतील? हाच पैसा एखाद्या गरिबाच्या पोरीच्या शादीला दिला असता तर सवाब मिळाला असता." त्यांचे बोलणे अगदीच टाकाऊ नव्हते, म्हणून ते जास्त लागले. आमच्या वर्गातली दोन मुले त्याच महिन्यात फाटक्या छत्रीने येत होती.

आम्ही मशिदीच्या हाफिजसाहेबांना विचारायला भावाला पाठवले. ते म्हणाले, "बेजबान आहे, तुमच्या दारात बांधलेला आहे. इलाज करा. कपडे धुता येतात." तहानेल्या कुत्र्याला जोड्यातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आपण सारेच जुम्याच्या बयानात ऐकतो. ऐकताना कुणाच्या मनात येत नाही की त्या पाण्याला पैसे पडले असते तर?

निर्णय शेवटी अम्मीने घेतला. ती चुलीपुढे बसून म्हणाली, "जकात आपली दिलेली आहे. ह्या साली बोकड नको, म्हशीत एक हिस्सा घेऊ. राहिलेलं त्याला लावा. तुझ्या अब्बांनी जबाबदारी घेतली होती, ती आता माझी."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, कोसळत्या पावसात, भाड्याच्या इको गाडीत टायगरला गोणपाटावर निजवून आम्ही निघालो. चिल्हार फाटा, मनोर, घोडबंदर. शंभरेक किलोमीटरचा हा रस्ता आमच्या ओळखीचा होता. अब्बांना आम्ही ह्याच रस्त्याने परळला नेले होते, टाटा हॉस्पिटलात. तिथून काही मिनिटांच्या अंतरावर जनावरांचे हॉस्पिटल. दीनशा माणेकजी पेटिट ह्या पारशी शेटजींनी पत्नी साकरबाईंच्या नावाने १८८० च्या दशकात उभारलेले. तिथेच १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजही बैल, घोडे, मांजरे, कबुतरे, सारे तिथे येतात. ज्या काळात माणसांनाच धड दवाखाना नव्हता, त्या काळात कुणाला तरी मुक्या जनावरांची आठवण झाली होती, हे रांगेत उभे असताना मनात येत होते.

उर्दूत जनावरांच्या डॉक्टरला सलोतरी असा एक जुना शब्द आहे. आम्ही तो मुलांना शिकवतो. तो आला आहे संस्कृतातल्या शालिहोत्रावरून, घोड्यांच्या वैद्यकाचा जो आद्य आचार्य मानला जातो त्याच्या नावावरून. अरबीत त्यालाच बैतार म्हणतात. तेराव्या शतकात वनस्पतींच्या औषधांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या हकिमाचे नाव इब्नुल बैतार, म्हणजे सलोतऱ्याचा मुलगा. आणि ज्या आजाराच्या शोधात आम्ही परळला आलो होतो त्याला उर्दूत सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीत कर्करोग, कर्क म्हणजेही खेकडाच. इंग्रजी नावाच्या मुळाशीही तोच. आम्ही समुद्रकाठची माणसे, चिंबोरी बिळात कशी बसते ते आम्हाला ठाऊक आहे. वाळू वरून सपाट असते. बोट घातल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाही.

ऑपरेशनआधी रक्त द्यावे लागले. रांगेत डोंबिवलीचे एक कुटुंब होते, त्यांचा तीस किलोचा लॅब्राडॉर नुसती लस टोचायला आलेला. त्यांनी न मागता विचारले, "आमच्या ब्रूनोचं चालेल का?" त्याची तपासणी झाली, त्याचे चालले. कुत्र्याला पहिल्यांदा दुसऱ्याचे रक्त देताना माणसाइतकी अडचण सहसा येत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

आतड्याचा हातभर तुकडा गाठीच्या दोन्ही बाजूंचा निरोगी भाग धरून काढला आणि उरलेली दोन टोके शिवली. यकृत, जवळच्या लसिकाग्रंथी, सारे हाताने चाचपून पाहिले. ग्रंथीचा एक तुकडाही घेतला. सारे फॉर्मालिनच्या बरणीत घालून प्रयोगशाळेत रवाना. शिवलेला जोड सुटण्याची भीती तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सर्वांत जास्त असते. ते तीन दिवस आम्ही वर्गात उभे राहून काय शिकवले ते अल्लाहलाच ठाऊक.

जोड टिकला. ईदच्या दिवशी टायगरने पातळ भात आणि उकडलेल्या मांसाचे दोन घास खाल्ले.

रिपोर्ट ईदनंतर आला. गाठ आतड्याच्या स्नायूंच्या थरातली, वाईट जातीची. ग्रंथीत पसरलेली नाही. पण एक गोष्ट बाकी होती. साध्या रंगाखाली एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारच्या गाठी असतात. त्या वेगळ्या आहेत हे १९९८ साली जपानी संशोधकांनी माणसांच्या गाठींवर काम करताना दाखवले. एका जातीच्या पेशींवर किट नावाचे प्रथिन असते, दुसरीवर नसते. ज्यांच्यावर असते त्यांना गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. आम्ही तीही तपासणी करवली. किट निघाले नाही. म्हणजे गोळी नाही. जे करायचे ते सुरीने झाले होते, आता फक्त दर काही महिन्यांनी सोनोग्राफी.

गावात सर्वांचा एकच सवाल होता, "कंपन्यांच्या पाण्यानं झालं का?" कुणी अणुशक्ती केंद्राकडे बोट दाखवले. सवाल उगीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली केलेल्या मूल्यमापनात तारापूरचा निर्देशांक नव्वदीच्या वर गेला होता, देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत आपण अगदी वर होतो. आम्हीही डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "एका कुत्र्यावरून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. जिथं एकही कारखाना नाही तिथल्या म्हाताऱ्या कुत्र्यांनाही हे होतं. कारण शोधायचं तर शेकडो जनावरांची नोंद ठेवावी लागेल." आम्हाला हे उत्तर पटले. रागाने कारण सापडत नाही, नोंदीने सापडते.

आता ती पाच वर्षांपूर्वीची गोष्ट.

२०१६ च्या पावसाळ्यात अब्बा दमायला लागले. वाडीतून येताना वाटेत दोनदा बसायचे. गावाकडच्या एका डॉक्टरने रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याने थोडे वाढले, पुन्हा उतरले, पुन्हा गोळ्या. असे पाच महिने. त्या पाच महिन्यांत त्यांना कुणी विचारले नाही की शौचाला कशी होते. डॉक्टरने नाही, आम्ही नाही, अम्मीने नाही. अब्बांना स्वतःला दिसत होते. शेवटी परळला टाटामध्ये डॉक्टरांनी विचारले तेव्हा ते हळूच म्हणाले, "काळी होते. पण लोहाच्या गोळ्यांनी काळीच होते म्हणतात ना?" होते, हे खरे आहे. त्या खऱ्या गोष्टीआड खोटी गोष्ट लपून बसली होती. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीला, गाठ होती. तोवर ती यकृतात पोचली होती. त्यांनी सांगितले नाही, कारण मुलांसमोर, सुनेसमोर, असली गोष्ट कशी काढायची? शरम. आम्ही विचारले नाही, कारण अब्बांना असे कसे विचारायचे? अदब.

ह्या दोन चांगल्या शब्दांच्या मध्ये आमचे अब्बा गेले.

त्या डॉक्टरला दोष देऊन आम्ही पुष्कळ रात्री काढल्या. टायगरच्या वेळी कळले की डॉक्टर विचारायला विसरला, पण आम्ही तर एकाच घरात राहत होतो. म्हणूनच विरारला त्या टेबलापाशी आमची मान खाली गेली. एकच सवाल, दोनदा आमच्यासमोर आला, आणि दोन्ही वेळा आमची पाटी कोरी.

रिपोर्ट आल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मगरिब झाली होती. टायगर पायरीखाली पडला होता, पोटावर टाक्यांची रेघ. अम्मी जानमाजची घडी घालत बराच वेळ उभी राहिली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मलाही रक्त जातं. दोन महिने झाले. लाल."

आम्ही दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुर्बिणीची तपासणी झाली. मूळव्याध निघाली, बाकी काही नाही. औषध आणि पथ्यावर भागले. पण ते सांगायला अम्मीला साठ वर्षे आणि एका कुत्र्याचे पोट लागले.

टायगर पुढे चौदा महिने जगला. शेवटच्या सोनोग्राफीत यकृतावर ठिपके दिसले तेव्हा आम्ही त्याला परत परळला नेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तो वाडीत, अब्बांच्या हातच्या चिकूखाली गेला. खड्डा भावाने खणला. अम्मी तिथवर चालत आली, हातात थाळी घेऊन, आणि थाळी तिथेच ठेवून परत गेली.

आम्ही काही वैद्य नाही. पण ज्या घरात उतारवयाचे माणूस आहे आणि त्याचे रक्त विनाकारण कमी होत आहे, त्या घराला एवढेच सांगावेसे वाटते, गोळी सुरू करण्याआधी रक्त जाते कुठे ते विचारा. डॉक्टरने नाही विचारले तर तुम्ही सांगा. लाज वाटेल. वाटू द्या.

वर्गात आम्ही आजही मुलांना सांगतो, सवाल विचारायला लाजू नका. फक्त आता त्याला एक वाक्य जोडतो, "घरी गेल्यावर दादा-दादीलाही विचारा." मुले हसतात. काही जण खरोखरच विचारतात.